जुना छोटा हाथी: निवडावा कसा, चालता ठेवावा कसा

मे २००५ मध्ये टाटा एस ही छोटी मालगाडी रस्त्यावर आली. तिचं इंजिन म्हणजे इंडिकाच्या १४०५ सीसी, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा सरळ अर्धा भाग: ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवर. मागे सात फूट बाय पाच फुटांचा हौदा, आणि नागपूरच्या कळमन्यातून माल भरून इतवारीच्या गल्लीत वळेल एवढीच लांबी. लोकांनी तिला छोटा हाथी म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

नव्या छोट्या मालगाड्या आजही मिळतात. पेट्रोल, सीएनजी, बॅटरी, सगळ्या. २०२५ मध्ये एस प्रो आली, तीही पाऊण टनाचीच. शोरूममधून गेली ती साध्या मेकॅनिकल डिझेल पंपाची गाडी, जी मिस्त्री पान्यांच्या एका सेटवर रस्त्याच्या कडेला सुरू करून देतो. धुराच्या प्रदूषणाचे नियम कडक झाले: १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. नवं डिझेल इंजिन म्हणजे कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, फार मोठ्या दाबाने डिझेल सोडणारी यंत्रणा), सेन्सर आणि कंट्रोल युनिट. मारुतीने सुपर कॅरीचं डिझेल मॉडेल त्याच सुमारास बंद केलं. जास्त मालवाले बोलेरो पिकअपकडे गेले, कमी मालवाले ई-रिक्षाच्या लोडरकडे. मधल्या साध्या डिझेल गाडीला आता सेकंडहँड बाजाराशिवाय जागा नाही, आणि तिथेही चांगल्या गाड्या दरवर्षी कमी होताहेत. म्हणून निवडताना घाई नको.

आधी इंजिन कोणतं ते ओळखा

सीट उचला, इंजिन खालीच आहे. पंपापासून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) दोन बारीक स्टीलच्या पाइपा थेट गेल्या असतील आणि नोझलच्या डोक्यावर वायरीचा कपलर नसेल, तर मेकॅनिकल. कपलर असेल तर कॉमन रेल. विकणाऱ्याच्या शब्दावर किंवा मॉडेलच्या नावावर जाऊ नका, डोळ्यांनी पाहा. कॉमन रेल वाईट नाही, पण तिला स्कॅनर लागतो. नरखेड किंवा भिवापूरच्या वाटेवर बंद पडली तर टो करण्याशिवाय इलाज उरत नाही.

गाडी थंड असतानाच पाहा

विकणाऱ्याला सांगून ठेवा की तुम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर पहिले इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गरम इंजिन जवळपास सगळे आजार लपवतं.

चावी अर्धी फिरवा, हीटरचा दिवा विझू द्या, मग स्टार्ट करा. दोन-तीन सेकंदांत सुरू व्हायला हवी. सुरू होताना पांढरा धूर आला आणि अर्ध्या मिनिटात गेला, तर बहुतेक हीटर प्लग गेला आहे. खर्च किरकोळ. पांढरा धूर गरम झाल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास असला, तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर फक्त चढावर आला तर एअर फिल्टर किंवा नोझल. सपाटीवर रिकाम्या गाडीतही काळा आला, तर पंपाचा स्क्रू कुणीतरी ताकद वाढवायला फिरवलेला असतो. अशा गाडीचे पिस्टन आधीच भाजलेले असण्याची शक्यता मोठी.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ चालेल. धापा टाकल्यासारखे फुगारे येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा: पाण्यावर तेलाची साय दिसली, किंवा सुरू केल्यावर एकसारखे बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट गेलं आहे. नागपूरच्या मे महिन्यात गॅस्केट एकट्याने जात नाही, बहुतेक वेळा हेडही वाकवून जातं.

शंका असेल तर हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्या. मिस्त्रीकडे डिझेलचा गेज असावा, पेट्रोलचा चालत नाही. आकड्याइतकाच दोन सिलिंडरमधला फरकही पाहा. तो दहा टक्क्यांच्या वर गेला तर किंमत बोअर-पिस्टनचं काम धरूनच ठरवा. दोन सिलिंडरचं इंजिन मुळातच थरथरतं, त्याला घाबरू नका. पण गिअर दांडा हातात नाचत असेल तर माउंटिंगची रबरं संपली आहेत.

खरी गाडी म्हणजे चासी

इंजिन दुरुस्त होतं. गंजलेली किंवा वाकलेली चासी होत नाही, आणि खरेदीतली सगळ्यात महाग चूक इथेच होते. रंग चकचकीत असला की लोक खाली वाकून पाहत नाहीत.

गाडी रॅम्पवर घ्या. रॅम्प नसेल तर सपाट जागी चाकांना दगड लावून जॅक आणि स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. एक जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि चार जागी दाबून पाहा: मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे चासीला बसतात ती जागा, बॅटरीखालचा भाग, हौद्याच्या आडव्या पट्ट्या चासीवर टेकतात तिथे, आणि केबिनच्या पायाखालचा पत्रा. टोक आत घुसलं किंवा पापुद्रे निघाले, तर तिथला पत्रा संपला. बर्फ, मासळी, पाण्याचे कॅन, मीठ वाहिलेल्या गाड्या आतून गंजतात, बाहेरून कळत नाही. हौद्यातून पाणी कुठे गळतं ते शोधा. गंज त्याच्या बरोबर खाली असतो.

चासीला वेल्डिंग दिसलं तर कारण विचारा. हँगरजवळ जाड पट्टी मारलेली असेल, तर ती गाडी कायम जास्त माल घेऊन चालली आहे. मागचे पाटे दोन्ही बाजूंनी मोजा. कंपनीपेक्षा जास्त पाटा टाकलेला असेल तरी तेच समजा. पाटा वाढवला म्हणजे गाडीची ताकद वाढली असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात चासी, एक्सलचे बेअरिंग आणि डिस्क तीच राहतात, आणि जो धक्का पाट्याने सोसायचा तो थेट चासीला बसतो. चासी हँगरपाशीच चिरते ती म्हणून.

वाक पाहायला तीन मीटरचा टेप पुरतो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. पाच-सात मिलिमीटरचा फरक पाट्याच्या बुशमुळे असू शकतो. त्याहून जास्त म्हणजे एक्सल सरकलाय किंवा चासी वाकलीय.

पुढचा एक्सल सरळ दांड्याचा आहे, म्हणून किंग पिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) पाहावी लागते. चाक उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खटखट आली तर सहायकाला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. आवाज गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन.

चालवून पाहताना ताशी ४० वर ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा. दाबल्यावर हुंकार, सोडल्यावर बंद, असं झालं तर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधले गिअर, झिजले आहेत. गिअर बदलताना मागून ठक् आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, तो स्वस्त आहे. क्लचसाठी पारडीच्या उड्डाणपुलासारखा चढ चांगला: तिसऱ्या गिअरमध्ये दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग नाही वाढला, तर प्लेट संपली.

कागद

आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर अक्षर-अक्षर जुळवा. एमएच ३१ शहर, एमएच ४० ग्रामीण, एमएच ४९ पूर्व नागपूर. ज्या कार्यालयाची गाडी तिथेच चौकशी. ऑनलाइन चलान बाकी आहे का, कर्जाचा बोजा उतरला आहे का (त्यासाठी फॉर्म ३५), हे पैसे देण्याआधी. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी, आणि गाडी जुनी होत जाते तशी त्याची फी बरीच चढते. ती किमतीत धरा. एकूण वजन ३००० किलोच्या आत असल्याने परमिट लागत नाही. चालकाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा दिल्ली परिसरातली आहे, नागपुरातली नाही. ती भीती घालून कुणी भाव पाडत असेल तर ऐकू नका.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर बदला. आधीच्या मालकाने कालच बदलला म्हणून सांगितलं तरी बिल नसेल तर बदला. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्च हेडवर होतो. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर एकदम बदला. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच, वर नाही. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असेल तर दोनदा धुऊन कूलंट भरा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने आत खार जमतो आणि उन्हाळ्यात पाणी फिरत नाही.

डिझेल फिल्टर बदलल्यावर एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, काढावीच लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारत राहा, फेस जाऊन नितळ डिझेल आलं की स्क्रू कसा. तरी सुरू होत नसेल तर नोझलकडचे दोन्ही नट अर्धा फेरा ढिले करा, स्टार्टर दहा सेकंद फिरवा, डिझेल ठिबकलं की कसा. हाताला चिंधी, डोळ्यांना चष्मा हवा. ही पद्धत फक्त मेकॅनिकल पंपाला. कॉमन रेलच्या पाइपा चालू इंजिनावर ढिल्या केल्या तर डिझेलची धार कातडीत शिरते.

पुढे ऑइल दर पाच हजार किलोमीटरला. गाडी दिवसभर सुरू-बंद होते आणि मार्केटात तासन्तास आयडलवर उभी असते, म्हणून मीटरवर कमी किलोमीटर दिसले तरी ऑइल थकतं. कोराडी किंवा उमरेडच्या बाजूला राखेत-धुळीत चालत असेल तर एअर फिल्टर दर आठवड्याला उघडून झटका. मार्चच्या शेवटी रेडिएटरच्या जाळ्या आतून बाहेर अशा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या धारेने पंख वाकतात आणि हवा बंद होते.

किती माल

इथे लोक फसतात, कारण हौदा दिसायला मोठा आहे. गाडी रिकामी धरमकाट्यावर न्या. आरसीवर भरल्या गाडीचं वजन १५५० किलो आणि रिकामीचं समजा ८२० असेल, तर फरक ७३० किलो. त्यात चालक मोजायचा, म्हणजे माल ६५०-६६०. बरोबर हमाल बसला की आणखी ७० कमी. वरून लोखंडी अँगल आणि ताडपत्रीची कमान लावली असेल तर काटा सांगेल ८२० नव्हे, ९०० आहे. तेवढा माल गेला.

६५० किलो म्हणजे सिमेंटच्या १३ गोण्या. पाण्याचे २० लिटरचे ३१ जार. संत्र्याचे क्रेट, क्रेटसकट २२ किलोचा एक धरला तर २९. ओल्या रेतीचा हौदाभर फक्त चार इंचांचा थर. हौदा अर्धा रेतीने भरलेला दिसला की ती गाडी क्षमतेपेक्षा बऱ्याच जास्त वजनावर चालली आहे. दंड वेगळा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार.

जड माल मागच्या एक्सलच्या किंचित पुढे ठेवा. फाळक्याकडे लोटला तर पुढची चाकं हलकी होतात, पावसात स्टिअरिंग ऐकत नाही आणि ब्रेक मारला की पुढची चाकं घसरतात. सळई हौद्याबाहेर लोंबवली तरी हेच होतं. सामान दोरीने पुढच्या हुकांना बांधा, फाळक्याच्या कडीला नाही. ती कडी फाळका धरायला आहे, माल धरायला नाही.

टायरची हवा केबिनवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड असताना. चाक काढून बसवलं की ५० किलोमीटरनंतर नट परत कसा, फुलीच्या क्रमाने.