ड्यूनच्या सिनेमांवर कॉमिक स्ट्रिप काढायचीय? मग हे वाचा

आधी एक ठरवून टाका, टपली मारायचीय ती सिनेमाला, पुस्तकाला नाही. फ्रँक हर्बर्टची वाळवंटी ग्रहावरची विज्ञान कादंबरी १९६५ ची, डेव्हिड लिंचचा सिनेमा १९८४ चा, आणि डेनी व्हिलन्यूव्हचे दोन भाग २०२१ अन् २०२४ चे. पुस्तक वाचलेलं नसेल तर आधी वाचाच, कारण कोणी काय बदललं हे कळल्याशिवाय विनोद सुचणारच नाही.

सुरुवातीला एकच सीन घ्या, पेटीचा. गोष्टीचा नायक पॉल, त्याचा हात वेदनेच्या पेटीत, मानेशी विषारी सुई, हात बाहेर काढला की खेळ खलास. पुस्तकात तो भीतीवरचा मंत्र मनात म्हणतो. लिंचकडेही मनातच, फक्त तो आपल्याला ऐकू येतो, वर हात जळतानाही दिसतो. व्हिलन्यूव्हकडे मात्र मंत्र आई म्हणते, दाराबाहेर उभी राहून. झाल्या की तीन चौकटी! १९८४ च्या चौकटीत प्रत्येकाच्या डोक्यावर विचारांचा फुगा द्या, अगदी दारावरच्या शिपायाच्याही, इतके की पॉल दिसेचना. २०२१ ला नुसता राखाडी अंधार, कोपऱ्यात एवढुसा माणूस, शब्द एकही नाही. बिनशब्दांची चौकट कशी बोलते ते बघायला व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं शांतपणे बघा, आपल्या पुण्याचंच वैभव आहे ते.

सामान अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं, कार्ट्रिज पेपर, पेन्सिल, काळं वॉटरप्रूफ पेन, बास.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अक्षरं आधी लिहा आणि फुगा नंतर काढा. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात त्यामुळे दोन ओळींत भरपूर जागा सोडावी लागते, फुगा आधी काढला की हमखास शेवटचा शब्द चेपतो. जो आधी बोलतो तो डावीकडे. सिनेमाच्या फ्रेम ट्रेस करू नका प्लीज, चेहरे स्वतःच्या हाताने काढा, ओळखू येण्यापुरती एक खूण पुरते, म्हणजे त्या ग्रहावरच्या वाळूतल्या अजस्र अळीचं तोंड तीन पाकळ्यांत उघडलं की लिंचची, गोल आणि झालरीसारखे दात असले की व्हिलन्यूव्हची.

शेवटच्या चौकटीसाठी एक आयडिया देतो, बिनधास्त वापरा. लिंचच्या शेवटी वाळवंटात पाऊस पडतो, आणि पुस्तकात तर पाणी त्या अळ्यांना विष! त्यामुळे वळवाचा पाऊस सुरू झालाय आणि ती भलीमोठी अळी लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या पत्र्याखाली अंग चोरून उभी आहे असं काढा, शेजारी पिशव्या घेतलेल्या दोन काकू. डायलॉग नको.