घटनात्मक राजेशाहीवर बोलताना या चुका टाळा

वादविवाद स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले आणि विषय ‘आधुनिक लोकशाहीत राजाचे स्थान’ असा असला, की ठरावीक चुका ऐकायची मी मनाची तयारी करूनच जातो. घटनात्मक राजेशाही म्हणजे जेथे राजा राज्यप्रमुख असतो, पण कारभार घटनेनुसार निवडून आलेले सरकार चालवते. विषय अवघड मुळीच नाही. परंतु दोन मिनिटांची चित्रफीत पाहून तयारी उरकणाऱ्यांना तो अवघड जातो आणि दरवेळी एका गंभीर प्रश्नाची हेळसांड होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत जास्त बिघडते ती स्पेनची गोष्ट. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका वक्त्याने २३ फेब्रुवारी १९८१ चा प्रसंग अत्यंत प्रभावीपणे उभा केला. लेफ्टनंट कर्नल तेहेरो सशस्त्र शिपायांसह संसदेत घुसतो, मंत्रिमंडळासह सारे खासदार ओलीस धरले जातात आणि मध्यरात्र उलटल्यावर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवरून बंडाला विरोध जाहीर करतो. टाळ्या कडाडल्या आणि वक्त्याने निष्कर्ष काढला, की लोकशाही वाचवायची तर राजा हवाच. प्रतिस्पर्धी मुलीने फक्त एवढेच विचारले, “मग १९२२ साली इटलीत काय झाले?” वक्ता निरुत्तर झाला. त्या वर्षी मुसोलिनीचे अनुयायी रोमवर चालून येत असताना पंतप्रधान फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने आणीबाणीचा हुकूम तयार केला, राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही करण्यास नकार दिला आणि थोड्याच दिवसांत मुसोलिनीला सरकार बनवण्यास बोलावले. स्पेनच्या राजाला घटनेनेच सैन्याचे सर्वोच्च प्रमुखपद दिले होते आणि सल्ला देणारे मंत्रिमंडळ त्या रात्री बंदुकीच्या धाकात होते. इटलीच्या राजाने मात्र आपल्याच सरकारचा सल्ला मोडला. हा फरक सांगितल्याशिवाय स्पेनचे उदाहरण देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. माझी सवय अशी, की वहीच्या डाव्या पानावर टिकलेली राजघराणी आणि उजव्या पानावर गेलेली, म्हणजे इटली, ग्रीस, नेपाळ, अशी मांडणी केल्याखेरीज मी या विषयावर एकही वाक्य लिहीत नाही. नेपाळच्या राजाने २००५ मध्ये सत्ता स्वतःच्या हाती घेतली आणि २००८ मध्ये तेथील राजेशाहीच संपली, हे उजव्या पानावर असले म्हणजे डाव्या पानाचा अर्थ नीट कळतो.

दुसरी चूक पहिलीचीच बहीण: राजाला नको असलेला कायदा तो अडवू शकतो, असे समजणे. १९९० मध्ये बेल्जियमचे राजे बोदुएन यांनी गर्भपातविषयक कायद्यावर सही करणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीस पटत नाही, असे सरकारला कळवले. सरकारने घटनेतील तरतुदीचा आधार घेऊन राजाला राज्य करण्यास तात्पुरते असमर्थ घोषित केले, मंत्र्यांनी मिळून सही केली आणि लगेचच संसदेने राजाला पुन्हा पदावर आणले. कायदा झाला, राजाची श्रद्धाही राहिली. लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूकनी, म्हणजे तेथील राजांनी, २००८ मध्ये इच्छामरणाच्या विधेयकाला संमती देण्यास नकार दिला, तेव्हा तेथील संसदेने घटना दुरुस्त करून संमतीचा तो अधिकारच काढून घेतला. नकाराधिकार वापरून पाहिला की तो निष्फळ ठरतो किंवा हातचाच जातो, इतके या दोन उदाहरणांवरून ध्यानात यावे.

‘राजा म्हणजे केवळ रबरी शिक्का’ हे उलट टोकही तितकेच उथळ आहे. २०१० च्या निवडणुकीनंतर बेल्जियममध्ये सुमारे दीड वर्ष पूर्ण सरकार बनले नाही. त्या काळात राजे दुसरे आल्बर्ट यांनी एकामागून एक मध्यस्थ नेमून फ्लेमिश (डच भाषक) आणि फ्रेंच भाषक पक्षांतील सरकार बनवण्याची बोलणी चालू ठेवली. कोणत्याही पक्षाचा नसलेला माणूस देशाच्या सर्वोच्च पदी असण्याचे खरे मोल मला अशा कंटाळवाण्या, गाजावाजा नसलेल्या कामात दिसते. अर्थात हे काम राजानेच करावे असा नियम नाही: नेदरलँड्सच्या संसदेने ते २०१२ मध्ये स्वतःकडे घेतले, तर स्वीडनच्या १९७४ च्या राज्यघटनेने पंतप्रधानाचे नाव सुचवण्याचे काम संसदेच्या अध्यक्षाकडे सोपवले.

ब्रिटनचे नियम, म्हणजे कागदावर अधिकार राजाचे आणि वापर मंत्र्यांच्या सल्ल्याने, सगळीकडे लावू नका; जपानच्या सम्राटाला घटनेच्या चौथ्या कलमाने शासनविषयक कोणताही अधिकार ठेवलेला नाही.

नॉर्वे आणि डेन्मार्क समृद्ध आहेत ते राजामुळे, असे म्हणू नका. जेथे राजांनी वेळीच सत्ता सोडली तेथे गादी टिकली, हेही कारण असू शकते.

ब्रिटनच्या राणीने २०१९ मध्ये संसद स्थगित केली, एवढेच सांगून थांबू नका. तिने पंतप्रधानांचा सल्ला मानला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने तो सल्लाच बेकायदा ठरवला. सल्ल्याची जबाबदारी पंतप्रधानांवर राहिली.

आणि भारतात राजा नाही म्हणून हा विषय परका मानू नका. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारा राज्यप्रमुख, म्हणजे आपला राष्ट्रपती, आपण याच परंपरेतून घेतला, म्हणून मी नवशिक्यांना इंग्लंडच्या राजाआधी आपल्या घटनेचे ७४ वे कलम वाचायला सांगतो.