कवडशाने सूर्य मोजायचा कसा?

दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ झालं की मी सातवीच्या मुलांना घेऊन सूर्य मोजते. सामान घरातलंच: छोटा आरसा, पुठ्ठा, ब्लेड, मोजपट्टी आणि आरसा टेकवायला कणकेचा गोळा.

पुठ्ठ्याला अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडा, तेही मुद्दाम त्रिकोणी. पुठ्ठा आरशावर चिकटवा. सकाळी नऊच्या सुमारास आरसा अंगणातल्या उन्हात कणकेवर रोवा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. आरशापासून भिंत बरोबर १० मीटर हवी. सूर्याकडे किंवा आरशात कुणीही बघायचं नाही, कवडसा कुणाच्या डोळ्यांवर पाडायचा नाही. एवढ्या बाबतीत मी फार कडक आहे.

भोक त्रिकोणी, पण भिंतीवर गोल! कारण तो भोकाचा आकार नाही, ती सूर्याची प्रतिमा आहे. झाडाखालचे कवडसे गोल दिसतात तेही याचमुळे. गोल लांबट दिसला तर उजेड तिरका पडतोय. कागद उजेडासमोर सरळ धरा.

आता पेन्सिलीने गोलाभोवती रेघ मारा, पण झटपट. दोनेक मिनिटांत तो रेघेबाहेर सरकतो. पृथ्वी फिरते म्हणजे काय, हे मुलं इथे डोळ्यांनी बघतात. या क्षणी मी काही शिकवत नाही, त्यांना बघू देते.

आमचं माप साधारण ९.९ सेंटिमीटर येतं. भोकाचा अर्धा सेंटिमीटर वजा केला की ९.४. १० मीटर म्हणजे १००० सेंटिमीटर, भागिले ९.४, उत्तर सुमारे १०६. म्हणजे सूर्य आपल्यापासून त्याच्या रुंदीच्या १०६ पट लांब. अंतर जवळजवळ १५ कोटी किलोमीटर, म्हणून रुंदी सुमारे १४ लाख. पुस्तकातला आकडा १३ लाख ९२ हजार. पुठ्ठा आणि कणकेला हे जमतं, याचा मला दरवर्षी तेवढाच आनंद होतो.

पेन्सिलीचा गोल पुसू नका, तो आपला सूर्य. त्याच मापाने पृथ्वी खसखशीच्या दाण्याएवढी, आणि तिची जागा आरसा आहे तिथेच. गुरू म्हणजे ५२ मीटरवरचा हरभरा. नेपच्यून ३०० मीटरवर, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. तो दाणा मुठीत धरून आमची मुलं शाळेच्या फाटकाबाहेर पार ओढ्यापर्यंत जातात.

आणि पुढचा सूर्य? आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसणारा सर्वांत जवळचा तारा म्हणजे मित्र. तो जोडतारा आहे, त्यातला मोठा आपल्या सूर्याहून थोडासाच मोठा. आपल्या मापाने तो सुमारे २,७०० किलोमीटर लांब, आणि मध्ये सगळं रिकामं. सूर्यनमस्कार घालताना आपण सूर्याचं पहिलं नाव घेतो तेही मित्रच.

मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तिथून बघा. खाली दोन तेजस्वी तारे शेजारी शेजारी दिसतील. त्यातला डावीकडचा.