मूळ गावाच्या नावाचा माग कसा काढावा

गावाच्या नावाचा अर्थ काय, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. आपण मात्र तो पहिल्यांदा विचारतो आणि कोणीतरी सांगितलेली एखादी गोड कथा हाती लागली की शोध तिथेच थांबवतो. गोव्यात ही घाई विशेष महागात पडते, कारण इथल्या बहुतेक गावांना निदान दोन नावे आहेत, एक लोकांच्या तोंडचे आणि दुसरे पोर्तुगीज दप्तरातले. अनेक गावांना स्थळपुराणातले तिसरे, संस्कृत नावही आहे. ही रूपे गोळा केल्याशिवाय अर्थाकडे वळू नये.

आरंभी आपले मूळ गाव नेमके कोणते, हे ठरवावे. हे वाटते तितके सोपे नसते. आडनावावरून गाव ओळखता येते असे आपण धरून चालतो, पण केरी नावाची गावे फोंड्यात आहेत, सत्तरीत आहेत आणि पेडण्यातही आहेत. केवळ केरकर या आडनावावरून त्यांतले एक निवडता येत नाही. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे, तसाच तो सिंधुदुर्गातही आहे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर गावाच्या नावासोबत तालुका लिहावा आणि तो कोणत्या आधाराने लिहिला तेही नोंदवावे.

दुसरी गल्लत कुलदैवतामुळे होते. मुंबईत किंवा कारवारात वाढलेल्या अनेकांना कुलदैवताचे गाव तेच आपले मूळ गाव वाटते. गोव्यातल्या तालुक्यांपैकी तिसवाडी पोर्तुगीजांच्या ताब्यात १५१० मध्ये गेली, बारदेस आणि साष्टी १५४३ मध्ये गेली, आणि त्यानंतरच्या दशकांत देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी आपले देव नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळात आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यात आली, लोटलीचा रामनाथ बांदोड्यात आला. ज्यांचे कुलदैवत आज फोंडा तालुक्यात आहे, त्यांतल्या पुष्कळांचे गाव त्यामुळे साष्टीत निघते. याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे देवासोबत कधी कधी नावही निघून जाते. म्हार्दोळ म्हणताच आपल्यासमोर फोंड्याकडचे महालसेचे देऊळ उभे राहते, पण वेर्ण्यात देवीचे जे मूळ स्थान होते त्याला आजही जुने म्हार्दोळ म्हणतात. ज्याने फक्त नव्या म्हार्दोळातल्या जमिनीकडे पाहून नावाचा अर्थ लावला, तो चुकीच्या डोंगरावर विहीर खणत बसला असे समजावे.

गाव निश्चित झाले की माणसांकडे जावे. गावातल्या वयस्क बायकांना आधी भेटावे, कारण त्यांच्या बोलण्यावर पाटीवरच्या आणि कागदावरच्या नावाचा परिणाम कमी झालेला असतो. त्यांना ‘या गावाचे नाव काय’ असे सरळ विचारू नये, कारण त्या कागदावरचे नाव सांगतात. ‘लग्नानंतर तुम्ही कुठे आलात’, ‘बाजाराला कुठे जात होता’ असे विचारले की नाव विभक्तीसह येते, आणि विभक्तीत जुने रूप टिकून राहते. आपण म्हापसा लिहितो, पण म्हापशाला जातो, आणि आडनाव म्हापसेकर असते. म्हणजे कोंकणीतले म्हापशें हे एकारान्त रूप त्या दोन्ही ठिकाणी जपलेले आहे. हे शब्द शक्य तर ध्वनिमुद्रित करावेत, कारण अनुनासिक उच्चार देवनागरीत उतरवताना आपल्या नकळत गळतो.

इथे एक आग्रहाने सांगावेसे वाटते. चौकशी केवळ देवळाच्या म्हाजनांपाशी आणि मोठ्या घरांपाशी थांबवू नये. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज या भूमीवरच्या सर्वांत जुन्या वसाहतकारांपैकी मानले जातात, आणि शेताचा तुकडा, झरा, डोंगराची सोंड यांची नावे त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला ठाऊक असतात. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या तिसवाडी, बारदेस आणि साष्टीतल्या गावांत ख्रिस्ती गांवकारांचाही, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीत हक्क असलेल्या मूळ कुळांचाही, तितकाच मान ठेवावा. त्यांचे आणि तुमचे पूर्वज एकाच गांवकारीचे असू शकतात.

त्यानंतर कागद पाहावेत. गोव्याचे पुराभिलेख दप्तर १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु यांच्या हाती सोपवले गेले, तेव्हापासूनचा हा वारसा आज पणजीत सांभाळला जातो. तिसवाडीतल्या गांवकारांच्या चालीरीती आणि हक्क लिहून काढणारा फोराल, म्हणजे सनद, पोर्तुगीज अधिकारी आफोंसु मेशिया यांनी १५२६ मध्ये तयार केला. पुढे देवळांच्या जमिनी ताब्यात घेताना ज्या नोंदी झाल्या, त्यांत देवतांची आणि शेतांची नावे आली आहेत. ज्यांनी देवळे मोडली त्यांच्याच कागदांत त्या देवांचे पत्ते उरले, हे वाचताना मन जड होते, पण आपल्या कामाला याहून मोलाचा पुरावा सहसा सापडत नाही. कोमुनिदादींच्या, म्हणजे या गांवकारी संस्थांच्या, प्रशासकांची कार्यालये म्हापसा, पणजी आणि मडगाव येथे आहेत. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे असे नव्या काबिजादीतले गाव असेल, तर तो मुलूख पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला असल्याने मोडीतली मराठी कागदपत्रे आणि देवस्थानांची दप्तरे अधिक कामी येतात. मोडी वाचणारा माणूस आधी गाठून ठेवावा.

पोर्तुगीज कागदात गाव सापडण्यासाठी त्यांच्या लेखनाची रीत कळायला हवी. आमचे मूळ गाव बारदेसातले हडफडे. पहिल्यांदा एका सूचीत ते शोधायला बसलो, तेव्हा ‘एच’ या अक्षराखालची पाने मी सकाळभर उलटत होतो आणि गाव काही सापडत नव्हते. शेवटी शेजारी बसलेल्या एका वृद्ध वाचकाने सूची माझ्या हातून घेतली, पहिली पाने उघडली आणि ‘आर्पोरा’ या शब्दावर बोट ठेवले. पोर्तुगीजांच्या कानाला आरंभीचा ह ऐकू येत नसे, म्हणून हडफड्याचे आर्पोरा, हळदोण्याचे आल्दोना आणि हणजुणेचे अंजुना झाले. त्यांच्याकडे आपला ड नव्हता, त्या जागी ते र लिहीत, म्हणून मडगावचे मार्गांव, पेडण्याचे पेर्नेम आणि मडकईचे मार्काईम. शेवटी येणारा एम हा म नसून अनुस्वाराची खूण आहे. तो म समजून वाचला की डिचोलीचे ‘बिचोलिम’ होते. श साठी ते बहुधा एक्स हे अक्षर वापरत आणि के, की यांसाठी क्यू. या चार-पाच गोष्टी एका कागदावर लिहून जवळ ठेवल्या, तर सूचीतले अर्धे काम सोपे होते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की आर्पोरा या रूपावरून अर्थ लावू नये. त्यात हडही नाही आणि फडही नाही.

काही गावांची नावे तर पूर्णपणे झाकली गेली आहेत. सांताक्रूझ म्हणजे मूळचे कालापूर. सांतु इस्तेव्ह म्हणजे जुवें, आणि जुवें या शब्दाचा अर्थच बेट. मांडवीच्या पाण्याने वेढलेले ते गाव एकदा पाहिले की त्या नावाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

म्हणूनच कागदानंतर गाव पायी फिरायचे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि भूमापनाचा नकाशा हाती घ्यावा आणि वाड्यांची, भाटांची (बागायतींची), खाजनांची (खाडीकाठच्या शेतांची), व्हाळांची (ओढ्यांची) नावे एकेक करून जागेवर जाऊन ताडून पाहावीत. ज्या वाड्याला देऊळवाडो म्हणतात पण जिथे आज देऊळ नाही, तिथे थांबून आजूबाजूची तळी, पार, घडीव दगड पाहावेत. शिवेवरचा राखणदार कुठे आहे, सातेरी देवीची रोयण, म्हणजे वारूळ, कुठे आहे, वीरगळ किंवा सतीशिळा कोणाच्या कुंपणात टेकून ठेवली आहे का, हे विचारावे. आंबावली, जांबावली अशा नावांत झाड ऐकू येते. पण झाड, पाणी, माती यांच्याशी नाव जुळते की नाही, हे उभ्या पावसाळ्यातही एकदा पाहून घ्यावे, कारण उन्हाळ्यात कोरडा दिसणारा सखल भाग श्रावणात तळे होऊन बसलेला असतो.

मांडावर, म्हणजे गावातल्या विधींच्या ठरलेल्या जागेवर, गेल्याशिवाय हा शोध पुरा होत नाही. शिगम्याच्या आरंभी मांडावर जे नमन घातले जाते, त्यात गावच्या देवतांचे स्मरण ठरलेल्या क्रमाने होते. देवळात घातले जाणारे गाऱ्हाणेही तसेच, सातेरी, रवळनाथ, वेताळ, जागेवाले अशी हाक एका मागून एक जाते. हा क्रम जसाच्या तसा लिहून घ्यावा. कोणाचे नाव आधी येते यावरून गावात कोणाची वस्ती आधी झाली याचा अंदाज बांधता येतो, आणि कधी त्या यादीत असा एखादा शब्द सापडतो जो बोलण्यात कुठेच उरलेला नसतो. धालो या बायकांच्या लोकोत्सवातल्या गाण्यांसाठी मात्र बायकांची परवानगी घ्यावी आणि ध्वनिमुद्रण नको म्हटले तर ते करू नये.

आता अर्थाकडे वळावे. मिळालेली सर्व रूपे काळानुसार एकाखाली एक मांडावीत आणि प्रत्येकासमोर आधार लिहावा. संस्कृत नाव समोर आले की दोन गोष्टी विचाराव्यात: ते कोणत्या लेखात आले आहे, आणि त्यापासून आजचे रूप भाषेच्या चालीने तयार होते का? चांदोरचे चंद्रपूर हे नाव ताम्रपटात आले आहे, म्हणून ते भक्कम आहे. मठग्रामापासून मडगाव, कुशस्थळीपासून कुठ्ठाळी ही रूपे ध्वनीच्या दृष्टीने पटतात, पण त्यांचा मुख्य आधार सह्याद्रिखंडासारखा पुराणग्रंथ आहे, म्हणून त्यांच्यासमोर ‘संभाव्य’ असे लिहावे. वेर्ण्याच्या वरेण्यपुरीतली पुरी आजच्या नावात कुठेच उरलेली नाही, तेव्हा ते नाव नंतर घडवले गेले असावे असे माझे मत आहे. तरीही अशी कथा खोडून टाकू नये. ती ज्या तोंडून ऐकली त्या व्यक्तीचे वय, वाडा आणि ऐकल्याची तारीख देऊन वेगळ्या पानावर लिहावी, कारण गावाने स्वतःला काय मानले, हे त्या कथेतच कळते.

वही लिहून झाली की तिची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि दुसरी देवस्थानात किंवा चर्चमध्ये द्यावी. उजव्या बाजूची पाने कोरी ठेवावीत. आमच्या वहीच्या कोऱ्या पानांवर पहिल्याच चतुर्थीत तीन शेतांची नावे भरली गेली, आणि त्यांतले एकही आम्हाला नकाशात मिळाले नव्हते.