जुन्या फोटोतला चेहरा वाचायचाय? आधी ओठ सोडा

जुने पोर्ट्रेट फोटो बघितले की सगळे एकच बोलतात, काय दुःखी लोक होते यार. मीपण तेच म्हणायचो. पण चेहऱ्यावर जाण्याआधी फोटो कशावर काढलाय ते बघा. आरशासारखा चमकणारा धातूचा पत्रा असेल तर तो डॅगेरोटाइप, ही पद्धत १८३९ ला जाहीर झाली, आणि सुरुवातीला त्यात कित्येक मिनिटं न हलता बसावं लागायचं. १८४० मध्ये पेट्झवाल नावाच्या गणितज्ञाने जास्त उजेड घेणारी लेन्स बनवली, पत्र्यावर (म्हणजे प्लेटवर) ब्रोमीन हे रसायनपण वापरायला लागले, मग हे काम मिनिटाच्या आत आलं. काचेवरचा फोटो असेल तर बहुतेक १८५१ नंतरचा, ओल्या कोलोडियनचा (काचेवर लावायचं चिकट रसायन, ते ओलं असतानाच फोटो काढायचा), त्यात काही सेकंदच लागायचे.

आता आरशासमोर हसा आणि मनात वीसपर्यंत मोजा. थोड्या वेळाने गाल थरथरतात, डोळे हसायचे कधीच थांबलेले असतात आणि उरतात नुसते दात. म्हणून तोंड मिटलेलं बरं. पण सगळा दोष कॅमेऱ्याला देऊ नका हं, काही सेकंदात फोटो निघायला लागला तरी लोक गंभीरच बसायचे, कारण पेंटिंगमधल्या पोर्ट्रेटची सवय होती, दात काढून हसणं म्हणजे थिल्लरपणा.

तर मूड बघायचा तो डोळ्यांच्या कडांना. फ्रान्सचा डॉक्टर द्युशेन माणसांच्या चेहऱ्याला विजेचे सौम्य झटके देऊन कुठला स्नायू काय करतो ते बघायचा (हो, आणि त्याचे फोटोपण काढले), १८६२ च्या पुस्तकात त्याने मत मांडलं की ओठांचे कोपरे ठरवून वर नेता येतात, डोळ्याभोवतीचा स्नायू मात्र खरा आनंद असला तरच आवळतो. डार्विननेही १८७२ मध्ये भावनांवरच्या पुस्तकात त्याचे फोटो वापरले.

डोळे एकदम फिके, भुतासारखे दिसले तर घाबरू नका. त्या प्लेट्सना निळा रंग जास्त दिसायचा, म्हणून निळे डोळे पांढुरके येतात, आणि लालसर त्वचा, वांग, तीळ काळपट, त्यामुळे माणूस उगाच रागीट आणि म्हातारा वाटतो.

मान ताठ दिसली तर पायांमागे बघा, लोखंडी स्टँडचं बूड दिसू शकतं. त्याला वर डोकं टेकवायचा आधार असायचा. त्यावरून "हे प्रेत उभं केलंय" म्हणणारे खूप भेटतील, तर ते चूक, तो स्टँड माणसाचं वजन पेलूच शकत नाही. उलट तो दिसला म्हणजे समोरचा जिवंत होता, हलेल म्हणून तर लावला.

आणि पुसट झालेला चेहरा खराब फोटो म्हणून बाजूला टाकू नका. तो बहुतेक लहान मुलाचा असतो, आणि कधीकधी त्याच्या मागे कापडाखाली त्याला घट्ट धरून बसलेली आईपण सापडते.