कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी, वर कोथिंबिरीचा ठसा

ईस्टरच्या अंड्यांना लाल रंग यावा म्हणून बीट उकळा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बीटचा रंग उकळताना मरतो आणि कवचावर मळकट गुलाबी डाग तेवढे राहतात. ग्रीसमध्ये पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, अंडी लाल रंगवतात. तिथे काय किंवा सर्बियात काय, जुन्या पद्धतीने करणारे कांद्याच्या साली वापरतात. आपल्याकडच्या लाल कांद्याच्या सालींनी विटकरी, गडद रंग येतो. पांढऱ्या कांद्याच्या साली घेऊच नका.

दहा-बारा कांद्यांच्या कोरड्या साली एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळा. पाणी पूर्ण गार झालं की दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला. अंडी पांढऱ्या कवचाचीच हवीत. गावठी अंड्यावर ठसा उठून दिसत नाही.

ठशासाठी अंड्यावर पान बांधून मग ते रंगात सोडायचं; पानाखाली रंग पोचत नाही आणि तिथे नक्षी उमटते. खरी कसोटी हे पान बांधताना लागते. कोथिंबिरीचं किंवा गाजराचं कोवळं, पातळ पान घ्या. कढीपत्ता नको, तो ताठ असतो. कडा उचलल्या गेल्या की खाली रंग शिरतो आणि नक्षीऐवजी डाग पडतो. अंडं ओलं करा, पान पालथं ठेवा, बोटाने एकेक टोक दाबून कवचाला चिकटवा. मग जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा त्यावर ताणून मागच्या बाजूला गच्च गाठ मारा. मलमलीचं फडकं सुचवतात, पण त्याच्या चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीची रेघ अंड्यावर उमटते. पुढच्या बाजूला एकही सुरकुती दिसली तर सोडा आणि पुन्हा बांधा. इथे घाई केलीत तर पुढची सगळी मेहनत फुकट.

रंग गडद व्हावा म्हणून व्हिनेगर वाढवू नका. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. आम्ल जास्त झालं की त्यावर बारीक बुडबुडे धरतात, वरचा थर विरघळतो आणि पुसताना रंग हाताला येतो. गडद रंग वेळ दिल्यानेच येतो.

बांधलेली कच्ची अंडी गार रंगातच सोडा, मंद आचेवर उकळी आणा, पुढे दहा-बारा मिनिटं शिजवा. गार झाल्यावर भांडं रंगासकट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी गाठ कापा, पान पाण्याखाली सोडवा, अंडं न घासता वाळू द्या. थेंबभर गोडंतेल चोळलं की चकाकी येते. खायची असतील तर फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.