बोलताना घसा बसतो, आवाज चिरका होतो? शिकवणाऱ्याकडे जाऊन आवाज कसा सुधारायचा

मी गोव्यात फोंड्याला शाळेत शिकवते आणि शुक्रवार आला की माझा घसा बसलाच म्हणून समजा. ज्येष्ठमध, हळदीचं दूध सगळं करून झालं. शेवटी नाटक शिकवणाऱ्या एका सरांकडे गेले तेव्हा कळलं की गडबड घशात नाही, श्वासात आहे.

पण आधी डॉक्टर. आवाज तीन-चार आठवडे घोगराच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, तो विभाग आहे. स्वरतंतूंवर गाठी असतील तर ते आधी कळलेलं बरं. गिळताना त्रास होत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

मग मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, वाचून नको, कुणाशी तरी गप्पा मारताना. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो म्हणून आतून भारदस्त वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये पातळ. पहिल्यांदा कुणालाच आवडत नाही, तरी ते शिकवणाऱ्याला ऐकवा.

शिकवणारा निवडताना एवढंच विचारा, बोलण्याच्या आवाजावर काम करता का? गाणं शिकवणारे सगळेच ते करतात असं नाही. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकांत मुरलेली माणसं आहेत, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचवायचा ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. स्पीच थेरपिस्टही चालेल.

सरांनी मला पहिल्या दिवशी बरगड्यांखाली तळहात ठेवायला लावला आणि म्हणाले, वर्गात बोलता तसं बोला. मी म्हटलं, "मुलांनो, पुस्तकं उघडा." हात जागचा हलला नाही, खांदे मात्र वर गेले! तिथेच सगळं कळलं. घरी उताणं झोपून पोटावर हात ठेवा, श्वास घेताना हात वर यायला हवा, मग सावकाश "स्स्स" करत सोडा, पंधरा-वीस सेकंद जमलं की तसाच श्वास घेऊन आकडे मोजा, मग वाक्यं.

दुसरा व्यायाम स्ट्रॉचा. अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून "ऊऽऽ" करत बुडबुडे काढा, रोज पाच मिनिटं. समोरून पाण्याचा दाब येतो त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलके जुळतात. वर्गावर जाण्याआधी मी हे आजही करते.

पट्टी शोधायला सोपी युक्ती, कुणाला सहज "हं" म्हणून होकार देतो ना, तो सूर तुमचा. मुद्दाम जाड आवाज काढू नका.

नाकात बोलता असं वाटत असेल तर नाक चिमटीत धरून "बाबा घरी आले" म्हणा, आवाज बदलला तर हवा नाकातून जातेय. घरी कोकणी बोलणाऱ्यांचे अनुनासिक स्वर मात्र भाषेचेच आहेत, ते पुसू नका.

वाक्याचा शेवट गिळणं ही आपली मोठी खोड. मराठीत क्रियापद शेवटी येतं, "नाही" शेवटी येतं, तेच गिळलं तर समोरचा उलटा अर्थ घेऊन जातो. तिथपर्यंत श्वास पुरवा, नाहीतर मध्येच थांबून नवा घ्या.

सारखं खाकरू नका, घोटभर पाणी प्या. घसा बसल्यावर कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो, सरळ गप्प बसा.

आठवड्याला एक क्लास आणि रोज दहा मिनिटं असं मी चालू ठेवलं. आता फळ्यावर लिहून झालं की आधी मुलांकडे वळते, श्वास घेते आणि मगच बोलते.